बिलावरची चौसष्ट अक्षरं

भोसरीच्या कारखान्यातून चाकणला सुटे भाग घेऊन निघालेल्या टेम्पोतलं बिल नीट पाहिलंत, तर त्यावर एक चौकोनी क्यूआर कोड दिसतो. सोबत एक लांबलचक ओळ असते. तिच्यात आकडे आणि ए ते एफ एवढीच रोमन अक्षरं असतात, मोजून 64. हा आयआरएन, त्या बिलाचा देशभरातला एकमेव नोंदणी क्रमांक. बिल जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवलं की तो मिळतो. 1 ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींवरच्या उलाढालीसाठी सुरू झालेली या नोंदणीची सक्ती 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उतरली आणि अनेक लघुउद्योजकांच्या टेबलावर येऊन पोचली.

हा क्रमांक वहीतल्या अनुक्रमाने दिला जात नाही, तो गणिताने निघतो. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक या चार गोष्टी एसएचए-256 नावाच्या प्रक्रियेतून काढतात. तिला उसाचा चरक समजा. रसावरून ऊस परत उभा करता येत नाही, तसा हॅशवरून, म्हणजे या प्रक्रियेतून निघालेल्या ओळीवरून, मूळ मजकूर उलटा काढता येत नाही. मात्र हा चरक फार काटेकोर आहे. तोच मजकूर घाला, अक्षरन् अक्षर तोच निकाल मिळेल. एक अक्षर बदला, सगळी ओळ बदलेल. शक्य निकालांची संख्या 78 आकडी आहे, त्यामुळे दोन वेगळ्या बिलांचा क्रमांक योगायोगाने जुळण्याची भीती बाळगायला नको.

तेच बिल पुन्हा नोंदवायला गेलात, तर हॅश तोच येतो आणि पोर्टल ते परत पाठवतं. इथे एक फट होती. संगणकाला लहान आणि मोठी रोमन अक्षरं वेगळी वाटतात, त्यामुळे एकाच बिल क्रमांकाचे दोन हॅश निघू शकत. 1 जून 2025 पासून बिल क्रमांकातली अक्षरं आधी मोठी केली जातात आणि मग हॅश काढला जातो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते. त्या चार गोष्टींत रक्कम नाही! कुणी बिलावर लाखाचे दोन लाख केले, तरी आयआरएन तोच राहील. तिथे कामाला येते पोर्टलची डिजिटल सही. पोर्टल आपल्या गुप्त किल्लीने सही करतं. ती खरी आहे का, हे जाहीर किल्लीने कुणालाही तपासता येतं. क्यूआर कोडमध्ये दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, तारीख, एकूण रक्कम आणि आयआरएन असं सगळं सहीनिशी असतं. त्यातला एक आकडा बदलला, तरी सही जुळत नाही.

चुकलेलं बिल 24 तासांत पोर्टलवर रद्द करता येतं. पण तोच बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. चारही गोष्टी त्याच, म्हणजे हॅशही तोच, आणि तो आधीच नोंदलेला असतो.