धंद्याची रोजनिशी

विक्री वाढावी आणि चुका वेळीच कळाव्यात म्हणून दुकानदार, फिरते विक्रेते व छोटे उद्योजक रोज लिहितात ती वही. मुंबईत तिला ‘डायरी’ही म्हणतात.

मराठी हिशेबाची जुनी घडी म्हणजे रोजच्या जमाखर्चाची कीर्द आणि खातेवार खतावणी. पूर्वी हे दप्तर मोडी लिपीत लिहीत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि अनेक दुकानांची बिले, साठा संगणकावर गेला. पण या सगळ्यांत उतरतो तो झालेला व्यवहार. माल नव्हता म्हणून परत गेलेले गिऱ्हाईक कुठल्याच बिलात सापडत नाही. ते टिपण्यातच रोजनिशीचे खरे मोल आहे.

लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत वर्षाच्या मसाल्यासाठी झुंबड उडते. तिथल्या दुकानाच्या वहीत अशी नोंद शोभेल : ‘संकेश्वरी मिरची तिघींनी मागितली, संपली होती. एकीने बेडगी नेली, दोघी परत. लवंगीचा भाव विचारून चौघे गेले.’ पहिल्या ओळीवरून माल कमी भरल्याचे कळते, शेवटच्या ओळीवरून भावाचा विचार करावा लागतो. नुसता गल्ला मोजून हा फरक कधीच दिसला नसता. उलट ‘आज धंदा मंदा’ एवढेच लिहिले, तर ती ओळ पुढे काही उपयोगाची नाही.

तारखेबरोबर त्या दिवसाचे कारणही हवे : लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक, तुंबलेले पाणी, पगाराचा आठवडा, गणपतीची खरेदी. नाहीतर गाड्या बंद असल्याचा दोष मालाच्या माथी येतो. उधारीपुढे रकमेसोबत ‘पगार झाला की देतो’ हा गिऱ्हाइकाचा शब्दही लिहावा. वसुलीला तो कामी येतो.

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी कंपनीला रोजचा अहवाल धाडतात. त्यातले जाणते लोक स्वतःची डायरी वेगळी ठेवतात : कोणते डॉक्टर किती वाजता निवांत असतात, बोलणे कोणत्या शंकेवर अडले, पुढच्या खेपेला काय न्यायचे कबूल केले.

लिहायची वेळ शटर ओढण्याआधीची. चार-पाच ओळी पुरतात, मात्र त्या त्याच दिवशी लिहाव्यात. सकाळपर्यंत नेमके शब्द विसरतात. आठवड्यातून एकदा मागची पाने वाचली नाहीत, तर सगळी मेहनत फुकट.

लक्ष्मीपूजनाला चोपडी पुजून पाडव्याला नवी सुरू करण्याची रीत अनेक पेढ्यांत आजही आहे. रोजनिशीही तेव्हाच बदलावी आणि जुनी गल्ल्याखाली हाताशी ठेवावी. पुढच्या होळीला मिरची किती भरायची, ते तिच्यातच लिहिलेले असते.