हर्णैला निघण्याआधी: नागपूरच्या प्रवाशांसाठी माहिती

हर्णैच्या सहलीचा तासवार कार्यक्रम आम्ही छापून देत नाही. दापोली तालुक्यातलं हे मासेमारीचं बंदर भरती-ओहोटीवर चालतं, त्यामुळे आधी सुवर्णदुर्ग किल्ला की आधी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हे तिथे पोचल्यावरच ठरतं. ढोबळ अंदाज तुम्हालाही काढता येईल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा: चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा.

जवळचं स्टेशन खेड. तिथून दापोली सुमारे 30 किलोमीटर, पुढे हर्णै आणखी 16. नागपूरची गाडी आणि कोकणची गाडी यांत आम्ही किमान चार तास ठेवतो. तिकिटं वेगवेगळी असली आणि पहिली गाडी रखडली, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

सुवर्णदुर्ग समुद्रात आहे. 1755 साली इंग्रजांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. 2025 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. खडकांना चिकटलेली कालवं (धारदार शिंपले) पाय कापतात आणि साधी चप्पल लाट ओढून नेते, म्हणून मागे पट्टा असलेली सँडल घाला. महाद्वारापाशी पायरीवर कोरलेलं कासव आणि तटातला मारुती पाहा. आत दुकान नाही, प्यायचं पाणी सोबत न्या. होडीवाला ‘आज नको’ म्हणाला, तर आम्ही त्याचंच ऐकतो.

खरी मजा मासळीच्या लिलावाची. दुपारी चारनंतर टोपल्या किनाऱ्यावर येतात आणि बोली भराभर चढते. मधे उभं राहू नका, टोपलीला हात लावू नका. किरकोळ मासळी बाजूला बसलेल्या मावश्यांकडे मिळते. कल्ले लालबुंद, डोळे फुगीर आणि बोटाने दाबलेला खळगा लगेच भरणारा, तोच मासा घ्या. बांगडा-सुरमई उन्हात राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. अंगावर पित्त उठतं, तोंड लाल होतं. म्हणून बर्फात ठेवलेलीच मासळी घ्या आणि मुक्कामी नेऊन लगेच करायला द्या. सावजीची सवय असलेल्यांना इथलं नारळाचं कालवण सौम्य लागेल. तिखट वाढवून मागू नका, ताज्या पापलेटची चव मरते.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात आम्ही ही सहल काढत नाही. आंजर्ल्याला कासवाची पिल्लं बघायची असतील, तर मार्च-एप्रिल बरा, पण पिल्लं निघतीलच याची हमी कोणी देऊ शकत नाही.

ताजी मासळी नागपूरला न्यायचा हट्ट नको. एवढ्या प्रवासात बर्फ वितळतो आणि डब्यात वास सुटतो. त्यापेक्षा सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) किंवा सुकट (वाळवलेली बारीक मासळी) घ्या. हाताला दमट लागणारा माल टाळा, त्याला बुरशी येते. दुहेरी पिशवीत बांधा आणि घरी आल्यावर एक कडक ऊन दाखवून हवाबंद डब्यात भरा.