ऑडुबॉनचे पक्षी: तैलरंगातले नाहीत, जिवंत पाहून काढलेलेही नाहीत

अमेरिकेतला पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन याच्या चित्रांबरोबर एक समज कायम फिरत असतो: हा माणूस रानात बसून समोरच्या जिवंत पक्ष्यांची तैलचित्रं काढायचा. तसं नव्हतं.

रानात त्याने निरीक्षण भरपूर केलं, पण चित्रासाठी तो पक्षी मारायचा. ताज्या पक्ष्यात तारा खुपसून, चौकटी आखलेल्या फळीवर त्याला हव्या त्या आविर्भावात अडकवायचा. कागदावरही तशाच चौकटी आखून मापात रेखाटन करायचा. घाई करावीच लागे, कारण मेल्यावर डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंग उतरतो. १८३३ साली बोस्टनमध्ये त्याने चित्रासाठी जिवंत सुवर्ण गरुड विकत घेतला. त्याला आधी कोळशाच्या धुराने गुदमरवून पाहिलं. तो मरेना, तेव्हा टोकदार पोलाद काळजात खुपसलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. वाचायला नको वाटतं, पण ते चित्र पाहताना हे ठाऊक असायला हवं.

आता रंगांचं. मूळ चित्रं बहुतेक जलरंग, पेस्टल आणि पेन्सिलीची, कागदावरची. त्यावरून ४३५ छापचित्रं निघाली. बहुतेकांचे तांब्याचे पत्रे लंडनच्या रॉबर्ट हॅवेलने कोरले आणि छाप हाताने रंगवले गेले. ऑडुबॉनने विक्रीसाठी तैलचित्रंही केली, पण कित्येक तैलप्रती जोसेफ किड या स्कॉटिश चित्रकाराच्या हातच्या आहेत. मूळ जलरंगचित्रं न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने १८६३ मध्ये ऑडुबॉनच्या पत्नीकडून विकत घेतली.