चार्ट रेकॉर्डर जुना, वाद प्रोग्रामचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून हीट ट्रीटमेंट केलेलं कास्टिंग निघालं की गिऱ्हाईक बऱ्याचदा भट्टीचा चार्टही मागतं. तापमान किती चढलं, किती वेळ टिकलं, हे त्या रेषेवर कळतं. ही रेष काढणाऱ्या रेकॉर्डरवर पेटंटचा वाद होऊ शकतो, हे ऐकून कामगार हसतील. यंत्र तर शंभर वर्षांहून जुनं!

अमेरिकेत विल्यम ब्रिस्टल यांनी 1880च्या दशकाअखेर असे रेकॉर्डर आणले. तेव्हा पेटंट मागायचं ते स्प्रिंग, तरफ, पेन यांच्या जुळणीवर. पुढे मायक्रोप्रोसेसर आला आणि पेनची रेंज, चार्टचा वेग, अलार्मची मर्यादा बटणांवरून भरता येऊ लागली. डबा तोच, नवेपणा प्रोग्रामात. मग पेटंट नेमकं कशाला द्यायचं?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत दोन दिशा दाखवल्या. 1978च्या पार्कर विरुद्ध फ्लूक खटल्यात तेलशुद्धीकरणाशी संबंधित प्रक्रियेतली अलार्मची मर्यादा बदलत ठेवण्याची पद्धत होती. नवं फक्त सूत्र, म्हणून पेटंट नाकारलं. 1981च्या डायमंड विरुद्ध डीअरमध्येही संगणक आणि सूत्रच होतं, पण साच्यातलं तापमान सतत मोजून रबर पक्कं झालं की प्रेस उघडायचा. तिथे 5 विरुद्ध 4 मतांनी अर्जदार जिंकला. सूत्र त्यांनाही मिळालं नाही, मिळाली ती रबराची प्रक्रिया. मला हा फरक पटतो, पण रेकॉर्डर या दोहोंच्या मधोमध अडकतो: तो भट्टी चालवतोच असं नाही, नोंद मात्र करतो.

आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम 3(के) 2003पासून ‘संगणक प्रोग्राम पर से’ला, म्हणजे निव्वळ प्रोग्रामला, पेटंट नाकारतं. 2004च्या अखेरीस निघालेल्या वटहुकुमाने उद्योगातल्या तांत्रिक वापराला वाट दिली होती. 2005च्या कायद्यात ती राहिली नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2019मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात म्हटलं की तांत्रिक परिणाम दिसत असेल तर केवळ प्रोग्राम आहे म्हणून अर्ज फेटाळू नये.

कोल्हापूरच्या कारखानदारावर उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयात येऊ शकतो. त्याने पेटंटच रद्द करा असा प्रतिदावा केला, की प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातं. तिथे सर्वात कामाचा पुरावा जुन्या छापील माहितीचा. शिवाजी उद्यमनगरात कुणाच्या कपाटात वादातल्या पेटंटच्या अर्जाआधी बाजारात आलेल्या रेकॉर्डरचं मॅन्युअल असेल आणि त्यात सेटिंगची तीच पद्धत दिलेली असेल, तर ती पद्धत नवी ठरणारच नाही आणि कलम 3(के)पर्यंत जाण्याची गरजही उरणार नाही.