यकृतविकारात छातीत होणारे पाणी

सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत कठीण होण्याच्या आजाराच्या, सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांमध्ये, हृदय आणि फुप्फुसे ठणठणीत असतानाही, फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणात पाणी साठते. डॉक्टर याला हिपॅटिक हायड्रोथोरॅक्स म्हणतात. धाप लागते, कोरडा खोकला येतो, छाती जड होते. पोटात कित्येक लिटर पाणी मावते. छातीत मात्र एक-दोन लिटरनेच जीव घाबरा होतो.

हे पाणी मूळचे पोटातले. यकृत कठीण झाल्याने आतड्यांकडून त्याच्याकडे रक्त आणणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात आणि जलोदर होतो. छाती व पोट वेगळे करणाऱ्या मध्यपटलाला बारीक छिद्रे असतात, बहुधा एक सेंटीमीटरहून लहान. छातीतला दाब पोटापेक्षा कमी असल्याने पाणी त्यांतून वर ओढले जाते. बहुतेकदा ते उजवीकडेच साठते. काही रुग्णांत सगळेच वर गेल्याने पोट सपाट दिसते आणि यकृताकडे कोणाचे लक्षच जात नाही.

आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की आधी क्षयाची शंका येते, आणि ती रास्तच आहे. म्हणून सुईने थोडे पाणी काढून तपासतात. यकृताच्या पाण्यात प्रथिने कमी असतात, क्षयाच्या पाण्यात जास्त. यकृताच्या या पाण्यात जंतुसंसर्गही होऊ शकतो. ताप आल्यास डॉक्टरांकडे जायला थांबू नये.

उपचाराची सुरुवात स्वयंपाकघरातून होते. दिवसभराचे मीठ सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे सपाट लहान चमचाभर. त्यात लोणचे, पापड, फरसाण, सुकट यांतले मीठही धरायचे. सैंधवाने सुटका नाही, तेही सोडियमच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते; स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ते धोक्याचे. डाळ, दही, अंडी मात्र तोडू नयेत, कारण या आजारात स्नायू झपाट्याने झडतात. स्पायरोनोलॅक्टोन व फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या रक्ततपासणी करतच घ्याव्यात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. दारू पूर्ण बंद.

धाप फार असेल तर सुईने पाणी काढतात, सहसा एका वेळी दोन लिटरपर्यंत. छातीत कायम नळी ठेवणे शक्यतो टाळावे: पाणी पोटातून येतच राहते आणि प्रथिने व क्षार वाहून जातात, संसर्ग होतो, मूत्रपिंडे थकतात. गोळ्यांनी भागले नाही तर यकृतातून जाळीदार नळी बसवून शिरेतला दाब उतरवतात. त्याने काहींना बरळणे, गुंगी असा त्रास होतो. मूळ आजारावर इलाज यकृत प्रत्यारोपणाचाच, म्हणून त्याची चौकशी लवकर सुरू करावी.

प्रत्येक धाप पाण्याची नसते. उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी धाप फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्याची खूण असू शकते. हृदयरोग्याचे नेमके उलट असते: त्याला बसल्यावर बरे वाटते.