माहितीपर वाचनाचे शिक्षण (प्राथमिक स्तर)

गोष्ट-कवितेपलीकडचा, खऱ्या जगाविषयी सांगणारा मजकूर समजून वाचायला आणि पारखायला प्राथमिक वर्गांतील मुलांना शिकवणे, म्हणजे माहितीपर वाचनाचे शिक्षण. विज्ञान-भूगोलाचे पाठ, चरित्रे, बातम्या, कृतीच्या सूचना, तक्ते आणि नकाशे हे सगळे यात येते.

गोष्टीची चाल मुलांच्या कानावर लहानपणापासून असते: कोणीतरी असतो, अडचणीत सापडतो, सुटतो. माहितीच्या मजकुराची चाल एक नसते. तो कधी वर्णन करतो, कधी क्रम लावतो, कधी तुलना करतो, कधी कारण आणि परिणाम जोडतो, आणि हे सगळे एकाच पानावरही घडते. म्हणूनच अस्खलित वाचणारे मूलही अशा पानावर अडते.

अमेरिकी अभ्यासक जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनाचे टप्पे मांडले. त्यांत साधारण चौथीपासून ‘वाचायला शिकणे’ मागे पडून ‘शिकण्यासाठी वाचणे’ सुरू होते. याचा अर्थ तोवर केवळ गोष्टीच वाचाव्यात असा घेतला गेला, तर मुलांचे नुकसान होते. नेल ड्यूक यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पहिलीच्या २० वर्गांत माहितीपर मजकुराला दिवसाला सरासरी ३.६ मिनिटे मिळत असल्याचे आढळले. याउलट चौथीच्या मुलांची ‘पर्ल्स’ ही आंतरराष्ट्रीय वाचनचाचणी निम्मा भर माहितीसाठीच्या वाचनावर देते.

वर्गातले काम एखाद्या छोट्या उताऱ्यावरही होते. ‘देवमासा समुद्रात राहतो, पण तो मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यामुळे त्याला पुन्हा पुन्हा पाण्याच्या वर यावे लागते.’ हे वाचूनही ‘देवमासा कोण?’ या प्रश्नाला ‘मासा!’ असे उत्तर येऊ शकते. नावातच मासा आहे. इथे उत्तर दुरुस्त करून देऊ नये. ‘कोणत्या वाक्यावरून?’ असे विचारून मुलाला पुन्हा मजकुराकडे पाठवावे. मग ‘पण’वर बोट ठेवायचे, ‘त्यामुळे’वर ठेवायचे: याच्या आधी काय सांगितले, नंतर काय? ‘त्यामुळे’च्या आधी कारण येते, ‘कारण’ या शब्दाच्या मात्र नंतर. एवढे हाती आले की मुलाला परिच्छेदाची घडण दिसू लागते. मथळे, आकृत्या, चित्राखालच्या ओळी आणि अनुक्रमणिका यांचीही अशीच ओळख करून द्यावी लागते. मुले त्या सहज ओलांडून जातात.

डोना ओगल यांचा १९८६ चा तीन रकान्यांचा तक्ता (काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचे आहे, काय कळले) बराच प्रचलित आहे. त्याचा खरा उपयोग पहिल्या रकान्याकडे परतण्यात आहे. ‘देवमासा हा मासा’ ही ओळ मुलाने स्वतःच्या हाताने खोडली पाहिजे. ॲनमेरी पॅलिंकसार आणि ॲन ब्राउन यांच्या १९८४ च्या पद्धतीत प्रश्न विचारणे, सारांश सांगणे, अडलेले उलगडणे आणि पुढचा अंदाज बांधणे ही कामे मुले आळीपाळीने शिक्षकाच्या जागी बसून करतात.

पण नुसत्या युक्त्या पुरत नाहीत. रेश्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगात बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन सातवी-आठवीच्या ६४ मुलांना वाचायला दिले होते. खेळ जाणणाऱ्या कच्च्या वाचकांनी खेळ न जाणणाऱ्या पक्क्या वाचकांना मागे टाकले. म्हणून रोज नव्या विषयाचा सुटा उतारा देण्यापेक्षा एकाच विषयावर दोन-तीन आठवडे वाचन चालू ठेवणे हिताचे: शब्द पुन्हा भेटतात, आधीचे ज्ञान पुढच्या पानाला आधार देते.

एकाच विषयावरची पुस्तके शेजारी ठेवली की पारखही सुरू होते. एका पुस्तकात ग्रह नऊ, दुसऱ्यात आठ. खरे कोणते, हे लगेच सांगू नये. पुस्तक कधी छापले ते मुलांनाच शोधू द्यावे: प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रह ठरवले गेले, आणि नऊ ग्रहांचे पुस्तक बहुधा त्याआधीचे निघते.