नासकारमधील सर्वश्रेष्ठ चालकांची क्रमवारी

बाहेरून रस्त्यावरच्या प्रवासी मोटारीसारख्या दिसणाऱ्या, पण आतून पूर्णपणे शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धांना अमेरिकेत स्टॉक कार शर्यती म्हणतात. या शर्यती भरवणारी सर्वांत मोठी संघटना म्हणजे नासकार आणि तिची अव्वल स्पर्धा म्हणजे कप मालिका. विन्स्टन, नेक्स्टेल, स्प्रिंट अशी तिची नावे प्रायोजकागणिक बदलत गेली. या मालिकेतला आजवरचा सर्वश्रेष्ठ चालक कोण, या प्रश्नाला अधिकृत उत्तर नाही. १९९८ मध्ये नासकारने पन्नासाव्या वर्षानिमित्त ५० श्रेष्ठ चालकांची यादी काढली, २०२३ मध्ये तीत आणखी २५ नावे घातली. पण त्यांत पहिला-दुसरा असा क्रम लावलाच नाही. त्यामुळे क्रम लावण्याचे काम पत्रकार, माजी चालक आणि प्रेक्षक यांच्याकडेच राहिले. रिचर्ड पेटी, डेव्हिड पिअर्सन, डेल अर्नहार्ट, जेफ गॉर्डन आणि जिमी जॉन्सन ही पाच नावे बहुतेक याद्यांत वर असतात. भांडण असते ते त्यांच्या आपापसातल्या क्रमाचे, आणि ते मिटत नाही, कारण ज्या मापांनी चालक मोजायचे ती मापेच मालिकेच्या वाटचालीत अनेकदा बदलली आहेत.

याची सुरुवात पहिल्याच दिवशी झाली. मालिकेची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी उत्तर कॅरोलिनातील शार्लट येथे मातीच्या ट्रॅकवर झाली. ग्लेन डनवे सर्वांत आधी पोचला. पण तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार आढळला. हातभट्टीची दारू वाहणाऱ्या गाड्या ओझ्याने खाली बसू नयेत म्हणून करत, तसलाच हा फेरफार होता. डनवे बाद झाला आणि जिम रोपरला विजेता घोषित केले गेले.

विजयसंख्या : सर्वांत सोपे माप विजयांचे, आणि त्यात पेटीच्या जवळपासही कोणी नाही. उत्तर कॅरोलिनातील लेव्हल क्रॉस या खेड्यातल्या या चालकाने बहुतेक वेळा ४३ क्रमांकाच्या गाडीतून १,१८४ शर्यतींत २०० विजय मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरचा पिअर्सन १०५ वर थांबला. पेटीचे वडील ली हे तीनदा मालिकाविजेते, म्हणजे संपूर्ण हंगामाचे विजेते. डेटोना ५०० या मालिकेतल्या सर्वांत मानाच्या, ५०० मैलांच्या शर्यतीची १९५९ ची पहिली खेप त्यांनी जिंकली, आणि तो निकाल लागायला तीन दिवस लागले होते. ती शर्यत रिचर्डने पुढे सात वेळा जिंकली. १९६७ च्या हंगामात तो ४८ शर्यतींत उतरला आणि २७ जिंकला, त्यांतल्या दहा तर ओळीने.

हे आकडे वाचताना त्या काळचे वेळापत्रक समोर ठेवावे लागते. १९७१ पर्यंत एका हंगामात ४०-५० शर्यती सहज होत. १९६४ मध्ये ६२ झाल्या. त्यांतल्या कित्येक शंभर मैलांच्या, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवरच्या, आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी उरकलेल्या असत. कारखान्याचे पाठबळ असलेला पेटीचा प्लिमथ आणि स्वतःच्या गॅरेजात रात्रभर खपून गाडी उभी करणारे स्थानिक चालक एकाच रांगेतून सुटत. रणजीतली आणि कसोटीतली शतके एकाच बेरजेत धरावीत, तसा हा हिशेब आहे. १९७२ मध्ये रेनल्ड्स या तंबाखू कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली हंगाम ३१ शर्यतींवर आला, लहान ट्रॅक गळाले आणि ‘आधुनिक काळ’ सुरू झाला असे मानले जाते. तेथून मोजले तर पेटीचे विजय ६० उरतात. गॉर्डनचे ९३, डॅरेल वॉल्ट्रिपचे ८४, जॉन्सनचे ८३, अर्नहार्टचे ७६ आणि केल यारबरोचे ६९ त्याच्या पुढे जातात.

पण एवढ्यावरून पेटीला खाली ओढणेही बरोबर नाही. समोर आलेली शर्यत त्याने जिंकली. वेळापत्रक त्याने आखले नव्हते. शिवाय त्याची काही वर्षे कारखान्यांच्या भांडणात गेली. १९६५ मध्ये नासकारने क्रायस्लर कंपनीच्या शक्तिशाली हेमी इंजिनावर बंदी घातली, प्लिमथ बनवणाऱ्या त्या कंपनीने बहिष्कार टाकला आणि ऐन भरात असलेला पेटी बराच काळ ड्रॅग शर्यतींत, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतींत, गाडी चालवत राहिला. त्या वर्षीचे विजेतेपद नेड जॅरेटला मिळाले. दुसऱ्या बाजूला, १९८३ मध्ये शार्लटला मिळालेला १९८वा विजय आजही वादाचा आहे. शर्यतीनंतर इंजिन नियमापेक्षा मोठे आणि टायर चुकीच्या बाजूला बसवलेले निघाले. ३५,००० डॉलर दंड झाला, १०४ गुण कापले गेले, विजय मात्र कायम राहिला. डनवेला लावलेला न्याय पेटीला लावला असता तर ४ जुलै १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत डेटोनाला साजरा झालेला दोनशेवा विजय १९९वा ठरला असता.

विजयांची नोंद इतर ठिकाणीही हलते. बॉबी अ‍ॅलिसनचे ८४ विजय धरले जात. १९७१ मध्ये विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे मैदानात त्याने मस्टँग गाडीतून पहिला येऊनही ती शर्यत कोणाच्याच खाती नव्हती. नासकारने ती ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केली आणि अ‍ॅलिसन वॉल्ट्रिपच्या एक पाऊल पुढे गेला. पुढच्याच महिन्यात त्याचे निधन झाले.

पिअर्सनचा प्रश्न : दक्षिण कॅरोलिनातील स्पार्टनबर्गचा डेव्हिड पिअर्सन फक्त ५७४ शर्यतींत उतरला. १०५ विजय म्हणजे शंभरात अठरांहून जास्त. पेटीचे हेच प्रमाण सतरांच्या आत आहे. पूर्ण हंगाम खेळून विजेतेपदाचा पाठलाग त्याने कारकिर्दीत जेमतेम चार वर्षे केला, त्यांतली तीन (१९६६, १९६८, १९६९) जिंकली. पुढे वुड बंधूंच्या संघात तो निवडक मोठ्या शर्यतींतच भाग घेई. १९७३ मध्ये अशा १८ पैकी ११ त्याने जिंकल्या. पेटी आणि पिअर्सन पहिल्या दोन क्रमांकांवर ६३ वेळा आले. ३३ वेळा पिअर्सन पुढे होता.

त्याची चालवण्याची पद्धतही वेगळी. शर्यतीचा बराचसा भाग मागे राहायचे, गाडी आणि टायर जपायचे, आणि शेवटच्या टप्प्यात हात दाखवायचा. ‘रुपेरी कोल्हा’ हे टोपणनाव त्याला शोभून दिसे. १९७६ च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या वळणावर तो आणि पेटी एकमेकांवर आदळून भिंतीवर गेले. पेटीची गाडी अंतिम रेषेपासून काही यार्डांवर गवतात बंद पडली. गाडी गरगरत असतानाही पिअर्सनने क्लच दाबून इंजिन चालू ठेवले होते. त्या मोडक्या गाडीतून तो रांगत रेषेपार गेला आणि जिंकला. पेटीने स्वतः पिअर्सनला अनेकदा सर्वश्रेष्ठ म्हटले आहे. तरीही शार्लटच्या नासकार हॉल ऑफ फेमने २०१० मध्ये पहिले पाच मानकरी निवडले तेव्हा त्यांत पिअर्सन नव्हता. नासकारचे संस्थापक बिल फ्रान्स व त्यांचा त्याच नावाचा मुलगा, पेटी, अर्नहार्ट आणि ज्युनियर जॉन्सन होते. त्यावर बरीच टीका झाली आणि पुढच्या वर्षी त्याला घेतले गेले. निव्वळ चाकामागचे कौशल्य मोजायचे असेल तर पिअर्सनला पहिला क्रमांक नाकारणे अवघड आहे.

प्रमाणाच्या मापालाही मर्यादा आहेच. तेवढेच धरले तर १९५० च्या दशकातला हर्ब थॉमस सर्वांच्या वर जातो: २२८ शर्यतींत ४८ विजय. हडसन हॉर्नेट गाडीतून त्याने १९५१ आणि १९५३ ची विजेतेपदे मिळवली. थॉमसला अव्वल ठरवणारी यादी मात्र सहसा दिसत नाही.

विजेतेपदे : पेटी, अर्नहार्ट आणि जिमी जॉन्सन या तिघांच्या नावावर सात-सात विजेतेपदे आहेत. ऐकायला समान वाटणाऱ्या या सातांमागे तीन वेगळ्या स्पर्धा आहेत. १९७५ ते २००३ या काळात सर्व शर्यतींना सारखे गुण होते आणि वर्षभर सातत्य राखणारा जिंकत असे. २००३ मध्ये मॅट केन्सेथ एकच शर्यत जिंकून विजेता झाला, आठ जिंकणारा रायन न्यूमन मागे राहिला. २००४ पासून शेवटच्या दहा शर्यतींपूर्वी आघाडीच्या चालकांचे गुण जवळ आणून ठेवले जाऊ लागले. २०१४ ते २०२५ या काळात बाद फेऱ्या होत्या आणि शेवटी उरलेल्या चौघांपैकी अखेरच्या शर्यतीत जो पुढे तो विजेता, असा नियम होता.

याचे फळ नोव्हेंबर २०२५ मध्ये फीनिक्सला दिसले. डेनी हॅमलिनने सुमारे दोनतृतीयांश फेऱ्या आघाडीवर काढल्या. संपायला अवघ्या तीन फेऱ्या उरल्या असताना एका गाडीचा टायर गेला, पिवळा झेंडा आला, म्हणजे सगळ्यांना वेग कमी करून रांगेत यावे लागले. हॅमलिनच्या संघाने पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत) चारही टायर बदलले, काइल लार्सनच्या संघाने दोनच. लार्सन तिसरा आला, हॅमलिन सहावा, आणि विजेतेपद लार्सनला मिळाले. ६० विजय असलेला हॅमलिन तेव्हाही विजेतेपदाविनाच राहिला. गुणांच्या जुन्या पद्धतीतही असे घडत असे: १९९० मध्ये मार्क मार्टिन अर्नहार्टपेक्षा २६ गुणांनी मागे पडला आणि त्याच हंगामात रिचमंडला कार्ब्युरेटरखालच्या एका सुट्या भागावरून त्याचे ४६ गुण कापले गेले होते. मार्टिन पाचदा उपविजेता झाला, विजेता एकदाही नाही. म्हणून विजेतेपदांची मोजणी हे या सगळ्यांतले सर्वांत कच्चे माप म्हणावे लागते, जरी प्रेक्षक सर्वांत आधी तेच पुढे करतात.

अर्नहार्ट : उत्तर कॅरोलिनातील कनापोलिसच्या गिरणीगावातून आलेला डेल अर्नहार्ट १९७९ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढच्याच वर्षी मालिकाविजेता. असे ओळीने दुसऱ्या कोणाला जमलेले नाही. रिचर्ड चिल्ड्रेसच्या संघाची तीन क्रमांकाची काळी शेव्हरले आरशात दिसली की पुढच्याने वाट द्यायची, नाहीतर मागून धक्का खायचा, अशी त्याची ख्याती होती. ७६ विजय ही संख्या पेटीपुढे लहान वाटते. पण त्याने ते मिळवले तेव्हा मैदानात दर आठवड्याला डझनभर तगडे संघ असत. टॅलाडेगाच्या अडीच मैलांहून लांब ट्रॅकवर त्याचे दहा विजय आहेत. ऑक्टोबर २००० मध्ये तेथे शेवटच्या पाच फेऱ्यांत अठराव्या स्थानावरून पहिला येऊन त्याने मिळवलेला विजय त्याचा अखेरचा. डेटोना ५०० मात्र त्याला विसाव्या प्रयत्नात, १९९८ मध्ये मिळाली. १८ फेब्रुवारी २००१ रोजी त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून त्याचा मृत्यू झाला. त्या वर्षीच डोके-मान जखडून धरणारे संरक्षक साधन सक्तीचे झाले आणि पुढे भिंतींना धक्का शोषणारे आवरण आले. अर्नहार्टला पहिला क्रमांक देणारे आकड्यांपेक्षा त्याच्या दराऱ्याकडे बोट दाखवतात. यात भावनेचा भाग मोठा आहे, हे कबूल करूनही तो पहिल्या तिघांत बसतोच.

गॉर्डन आणि जॉन्सन : योगायोग असा की पेटीची अखेरची आणि गॉर्डनची पहिली शर्यत एकच, नोव्हेंबर १९९२ मधली अटलांटाची. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या गॉर्डनने चार विजेतेपदे आणि ९३ विजय मिळवले. १९९८ मध्ये त्याने ३३ पैकी १३ शर्यती जिंकल्या. जॉन्सनही कॅलिफोर्नियाचाच, वाळवंटातल्या ट्रक शर्यतींतून आलेला. २००६ ते २०१० अशी सलग पाच विजेतेपदे दुसऱ्या कोणाला मिळालेली नाहीत. जुन्या गुणपद्धतीने २००७ चे विजेतेपद गॉर्डनकडे तीनशेहून अधिक गुणांनी गेले असते, हे गॉर्डनचे चाहते हमखास सांगतात. त्या वर्षी जॉन्सनने दहा शर्यती जिंकल्या आणि गॉर्डनने सहा, हे ते सांगत नाहीत. नियम ठाऊक असताना त्या नियमांनुसार हंगाम आखणे हेही कौशल्यच आहे, आणि त्यात जॉन्सन व त्याचा क्रू चीफ (गाडी आणि डावपेच सांभाळणारा संघप्रमुख) चॅड नॉस यांच्याइतके तरबेज कोणी झाले नाही.

येथे संघाचा वाटा वेगळा काढता येत नाही ही अडचण येते. नॉस सातही विजेतेपदांत जॉन्सनबरोबर होता. पेटीच्या सातांमागे त्याचा चुलतभाऊ डेल इनमन होता. टेरी लबॉन्टीला १९८४ मध्ये विजेता करून त्याने आठवे मिळवले. ज्युनियर जॉन्सनने चालक म्हणून ५० विजय मिळवले, पण विजेतेपद एकही नाही. मालक म्हणून मात्र यारबरो आणि वॉल्ट्रिप यांच्याकडून सहा. वडिलांच्या हातभट्टीवर पकडला जाऊन त्याने ११ महिने तुरुंगात काढले होते. १९६० च्या डेटोना ५०० मध्ये पुढच्या गाडीच्या मागे चिकटून हवेचा अडथळा कमी करण्याची युक्ती त्याने वापरली आणि कमी वेगाच्या गाडीतून शर्यत जिंकली. आज प्रत्येक चालक तेच करतो.

साधनांचा प्रश्न वेंडेल स्कॉटच्या बाबतीत सर्वांत टोकदार होतो. व्हर्जिनियातील डॅनव्हिलचा हा कृष्णवर्णीय चालक स्वतःची गाडी स्वतःच दुरुस्त करून ४९५ शर्यतींत उतरला. डिसेंबर १९६३ मध्ये जॅक्सनव्हिलला तो जिंकला, तरी बक बेकरला विजेता घोषित करून करंडक दिला गेला. काही तासांनी निकाल दुरुस्त झाला तेव्हा प्रेक्षक निघून गेले होते. एकच विजय असलेला चालक कोणत्याही आकडेवारीत वर येणार नाही. पण कारखान्याची गाडी एक दिवसही न मिळता १४७ वेळा पहिल्या दहांत येणाऱ्याला मोजायला ही कोष्टके अपुरी आहेत, एवढे तरी यादी करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

अलीकडच्या चालकांत काइल बुशमुळे वेगळाच घोळ झाला. मार्च २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील फोंटाना येथे जिंकून त्याने नासकारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत मिळून २०० विजय पूर्ण केले आणि काहींनी त्याला पेटीच्या शेजारी बसवले. त्या दोनशेंपैकी कप मालिकेतले ५३ होते; उरलेले दुय्यम मालिकेतले आणि ट्रक शर्यतींतले, जेथे त्याच्यासमोर बहुधा शिकाऊ चालक असत. पेटीचे दोनशेच्या दोनशे अव्वल मालिकेतले आहेत.